कोऱ्या जागेचं वजन

जुन्या मराठी वर्तमानपत्रातली एखादी जाहिरात घ्या. केशतेलाची, घड्याळाची, नाटकाची, कसलीही. चौकट, मथळा, मध्ये चित्र आणि भोवती थोडी कोरी जागा. नजर चित्रावर जाते, पण ती कोरी जागासुद्धा कुणीतरी हाताने भरलेली असे!

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत काहीच आपोआप रिकामं राहत नाही. दोन शब्दांमध्ये शिशाचा बुटका तुकडा, दोन ओळींमध्ये ‘लेड’ नावाची पातळ पट्टी, मोठ्या मोकळ्या जागेत ‘क्वाड’ नावाचे रुंद तुकडे नाहीतर लाकडी ठोकळे. अक्षराचा खिळा साधारण 0.918 इंच उंच; ही मंडळी त्याहून बुटकी, म्हणून शाई त्यांना शिवत नाही. हे सगळं ‘चेस’ नावाच्या लोखंडी चौकटीत आवळून तो आवळलेला फर्मा उचलायचा. कुठे ढिलाई राहिली की जुळवलेला मजकूर खाली सांडलाच. जुन्या जाहिराती इतक्या काटकोनी का, याचं उत्तर इथे आहे. मथळा नागमोडी किंवा कमानदार दिसला तर ती अक्षरं बहुधा चित्रकाराने काढलेली आणि त्यांचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, केलेला.

बरं, जाहिरातीचा दर कॉलम-इंचावर, म्हणजे एका कॉलमच्या रुंदीत किती इंच उंची व्यापली त्यावर असे. त्यात काळं किती, पांढरं किती, याच्याशी पेपरला कर्तव्य नसे. मग छोटे दुकानदार जागा ठासून भरत, यात नवल ते काय?

नागरी लिपीने काम आणखी वाढवलं. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या धरून खिळे ठेवायच्या पेटीत (‘केस’मध्ये) शेकडो घरं. 1869 साली जावजी दादाजींनी मुंबईत काढलेला निर्णयसागर छापखाना सुबक नागरी खिळ्यांसाठी नावाजला गेला. खिळे जुळवणारा कंपोझिटर डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, ‘स्टिक’, धरून अक्षरं उलटी वाची. त्याच्या डोळ्यांसमोर शिरोरेषा अक्षराच्या तळाशी असे. ही रेषा अखंड नव्हेच, प्रत्येक खिळ्यावर तिचा एकेक तुकडा. जुन्या छपाईवर भिंग धरलंत तर त्या सांध्यांच्या केसाएवढ्या फटी दिसतील.

चित्राची तऱ्हा तर अद्भुत. रेषाचित्र फोटोच्या तंत्राने जस्ताच्या पत्र्यावर उतरवून पत्रा नायट्रिक आम्लात घालत. रेषेबाहेरचं जस्त झिजून रेषा उठून येई. पण आम्ल लबाड. ते खाली जाता जाता रेषेलाही बाजूने पोखरतं. त्यावर तोड म्हणजे ‘ड्रॅगन्स ब्लड’, वेताच्या जातीतल्या एका झाडाच्या लाल राळेची पूड. ती ब्रशने एका बाजूने लोटली की रेषेच्या कडेला साचते. पत्रा तापवून ती पक्की करायची, मग दुसऱ्या बाजूने, अशी चारही बाजूंनी. पुन्हा आम्ल, पुन्हा पूड. नाजूक मिशीचा एकेक केस असा वाचवलेला!

तीच जाहिरात अनेक शहरांत हवी असेल तर? जड ब्लॉकऐवजी त्याचा साचा टपालात टाकायचा. कागदाच्या थरांचा खास पुठ्ठा ओलसर करून ब्लॉकवर दाबला की खोलगट ठसा उठे. पलीकडच्या छापखान्यात त्यावर शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की नवा ठसा तयार. रोटरी यंत्रासाठी तर अख्ख्या पानाचा साचा कमानीसारखा वाकवून ओतकाम करत. मात्र पुठ्ठा सुकताना आकसे. त्यामुळे दोन शहरांच्या पेपरांतली एकच जाहिरात फूटपट्टीने मोजली, तर सूतभर फरक निघू शकतो.