लाच आणि कब्जा: फरक कुठे शोधायचा?

‘भ्रष्टाचारावर काम करायचंय’ असं पीएचडीच्या मुलाखतीत म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या प्रकारच्या? मला तो विचारला गेला तेव्हा मी चक्क गप्प बसलो होतो. म्हणून आज ‘स्टेट कॅप्चर’, म्हणजे राज्यसंस्थेवरच्या कब्जाविषयी.

लाच देणारा नियमातून सूट विकत घेतो, नियम तसाच राहतो. कब्जा करणारा नियमच सोयीने लिहून घेतो, किंवा तो राबवणारा माणूस आपला बसवतो. हेलमन, जोन्स आणि कॉफमन यांच्या जागतिक बँकेसाठीच्या २००० सालच्या पेपरनंतर ही संज्ञा रुळली. साम्यवादी व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या देशांतल्या कंपन्यांना त्यांनी विचारलं, की संसदेतली मतं, अध्यक्षांचे आदेश, कोर्टाचे निकाल विकले जाण्याचा तुमच्या धंद्यावर किती परिणाम होतो? ‘तुम्ही पैसे चारता का’ याला खरं उत्तर कोण देणार! प्रश्नावली बनवताना ही युक्ती लक्षात ठेवा.

आता दक्षिण आफ्रिका. मूळचं सहारनपूरचं गुप्ता कुटुंब, अध्यक्ष जेकब झुमा यांच्या जवळचं. झुमांचा मुलगा त्यांचा धंद्यातला भागीदार. ट्रान्सनेट ही तिथली सरकारी रेल्वे-बंदर कंपनी. डिसेंबर २०१० मध्ये गुप्तांच्या ‘द न्यू एज’ या वर्तमानपत्राने छापलं, की ब्रायन मोलेफे तिचे प्रमुख होणार. नेमणूक झाली फेब्रुवारी २०११ मध्ये! पुढे २०१४ मध्ये १,०६४ इंजिनांचा करार झाला आणि ३८.६ अब्ज रँडचा अंदाज ५४.५ अब्जांवर गेला. कागदावर कारणं होती: महागाई, चलनाचा दर वगैरे.

अर्थखात्याचंही तेच. उपमंत्री म्सेबिसी जोनास यांनी सांगितलं, की ऑक्टोबर २०१५ मध्ये गुप्तांकडून त्यांना अर्थमंत्रिपद आणि ६० कोटी रँड देऊ केले गेले. गुप्तांनी हे नाकारलं. पण डिसेंबरमध्ये अर्थमंत्री नेने यांना खरंच हटवण्यात आलं. रँड इतका कोसळला, की नव्या मंत्र्यांना चार दिवसांत बदलावं लागलं.

माझं मत असं, की आपण विद्यार्थी टेंडरच्या फाईलमध्येच अडकतो. ती फाईल बहुतेक वेळा नीटनेटकी असते, कारण सही करणारा आधीच बदललेला असतो. तेव्हा आधी नेमणुकांचा तक्ता करा: कोण कधी आला, कोणाला कधी हटवलं, आणि त्यानंतर कुठला करार झाला. वार्षिक अहवाल आणि राजपत्रांतून एवढं सापडतं.

अर्थात तारखा जुळल्या म्हणजे कब्जा सिद्ध झाला, असं मात्र लिहू नका. नवा मंत्री आपली माणसं आणतोच, तो साधा वशिलाही असू शकतो. झोंडो आयोगाकडे साक्षीदारांना शपथेवर बोलावण्याचा अधिकार होता, तरी सुनावण्या सुरू झाल्यापासून शेवटचा अहवाल यायला २०१८ ते २०२२ एवढा काळ गेला. आपल्याकडे तो अधिकार नाही, तेव्हा प्रबंधात ‘सिद्ध होते’ऐवजी ‘सुसंगत आहे’ लिहा.