रात्रीची फेरी, ड्रायव्हरची झोप आणि एका मालवाहू विमानाची गोष्ट

आष्टी तालुक्यातल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, पिकअप घेतलीय, हप्ता चालू झालाय. रात्री सीताफळ वाशीला सोडायचं आणि सकाळी लगेच रिटर्न भाडं घ्यायचं. एकच ड्रायव्हर पुरेल ना?" मी त्याला उलटं विचारलं, "तो झोपणार कधी?" तो म्हणाला, "सवय आहे त्याला."

ह्या "सवय आहे" वरच आज बोलायचंय. उदाहरण घेतो विमानाचं. बीडला विमानतळ नाही, मान्य! पण रात्री माल न्यायचा धंदा विमानवाल्यांनी आपल्या आधी केलाय, आणि त्यांच्याकडे प्रत्येक अपघाताची चौकशी होऊन अहवाल निघतो. आपल्याकडे पंचनामा होतो आणि विषय संपतो.

रात्रीचा माल हे काही अमेरिकेचं खूळ नाही. १९४९ साली आपल्या नागपुरात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. पुढे मोठ्या कुरियर कंपन्यांनी जे केलं, तेच हे. ग्राहक झोपलेला असताना माल पळवायचा, म्हणजे सकाळी दुकान उघडायच्या आत हजर. धंदा म्हणून एकदम बरोबर. फक्त ग्राहक झोपतो तेव्हा चालवणारा जागा असतो.

आता मुख्य गोष्ट. १४ ऑगस्ट २०१३. यूपीएस कंपनीचं मालवाहू एअरबस विमान लुईव्हिलहून अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला निघालं. आत दोनच माणसं, कॅप्टन आणि सहवैमानिक. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला ते उतरायला लागले. तिथली मोठी धावपट्टी कामासाठी पाच वाजेपर्यंत बंद होती, म्हणून दुसऱ्या लहान धावपट्टीवर उतरायचं ठरलं. तिथे उतरण्याची पद्धत थोडी किचकट, उंचीवर स्वतः लक्ष ठेवायला लागतं. संगणकात मार्ग नीट भरला गेला नव्हता, तो चुकलेलं दाखवत होता, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मग कॅप्टनने वेगळ्या पद्धतीने विमान झपाट्याने खाली आणलं आणि ते शेजारच्याला सांगितलं नाही. ठरलेल्या उंचीला "आता थांब" असा आवाज द्यायचा असतो, तोही दिला गेला नाही. धावपट्टीच्या अलीकडेच विमान झाडांना आणि टेकडीला धडकलं. दोघंही गेले.

मोठी धावपट्टी उघडायला किती वेळ राहिला होता? साधारण तेरा मिनिटं.

चौकशीत काय निघालं ते नीट वाचा. इंजिन चांगलं होतं. सहवैमानिकाला ड्युटीआधी विश्रांतीचे तास मिळाले होते, पण त्यात झोप पुरेशी झाली नव्हती. म्हणजे कागदावर सुट्टी, डोळ्यांत झोप. आणि त्याच रात्री ते दोघं आपसात बोलत होते की प्रवासी वैमानिकांसाठी येणारे विश्रांतीचे नवे नियम मालवाहू वैमानिकांना लागू नाहीत. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ते आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. २२ मे २०१०, दुबईहून रात्रभर उडून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपला होता, घोरण्याचा आवाज रेकॉर्ड झाला होता. उठल्यावर त्याने चुकीची उंची धरली. सहवैमानिक परत वर जाऊ म्हणत होता, ऐकलं नाही. झोपेतून उठल्यावर काही वेळ डोकं धुक्यात असतं, माणसाला मात्र वाटतं आपण ठीक आहोत. म्हणून ड्रायव्हरने डुलकी काढली तर उठल्या उठल्या चावी फिरवू नका म्हणावं. तोंड धू, चहा घे, मग निघ.

शरीराचं घड्याळ रात्री दोन ते सहाच्या दरम्यान सगळ्यात खाली असतं. सवयीने ते फारसं बदलत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागा माणूस जवळजवळ शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम दारू असल्यासारखा वागतो. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा तीस मिलिग्रॅमची. म्हणजे न पिता तो मर्यादेच्या पुढे! आणि ह्याला फुंकर मारायचं मशीनसुद्धा पकडत नाही.

आपल्याकडे १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आणि पाच तास सलग चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती असं माप घालून दिलं होतं. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्यासाठी. एक पिकअपवाला म्हणेल, मला काय त्याचं? अहो, झोप काही गाड्या मोजून येत नाही.

आता पैशाचं बोलू, तुम्ही त्यासाठीच वाचताय. समजा महिन्याला दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला सोबतीचा दुसरा ड्रायव्हर ८०० रुपये. खर्च ८,००० रुपये. समजा अपघात होऊन गाडी एक महिना उभी राहिली. हप्ता १४,००० चालूच, भाडं बंद, गाडीतलं सीताफळ रस्त्यावर, व्यापारी दुसऱ्याकडे. जिवाचं मी धरलंच नाही, ते ह्या वहीत बसत नाही. आकडे तुमचे टाकून बघा.

अजून एक. तुम्ही ड्रायव्हरला फेरीमागे पैसे देत असाल तर "थांबू नको" हे तुम्ही न बोलता सांगितलंय. पहाटे तीनला त्याचा फोन येतो, "मालक, डोळे मिटायलेत, आळेफाट्याला थांबू का?" तुम्ही एकदा जरी "लिलाव गाठायचाय रे" म्हणालात, तो पुढच्या वेळी फोन करणार नाही.

त्या आष्टीच्या मुलाने शेवटी वेळ बदलली. बागेतून तोड सकाळी सहाला, प्रतवारी आणि क्रेट भरणं अकरापर्यंत, गाडी दुपारी तीनला बाहेर. वाटेत एक जेवण धरून वाशीला मध्यरात्रीच्या आसपास. ड्रायव्हर मार्केटजवळ झोपतो, सकाळी उतराई हमाल आणि व्यापाऱ्याचा माणूस बघतात. रिटर्न भाडं दुपारी बारानंतरचंच घ्यायचं. महिन्याला एक-दोन फेऱ्या कमी झाल्या, असं तो सांगतो.