ताट महागले की मजुरी महागते

कामगारांची वस्ती श्रीमंत होऊ लागली की आधी घरभाडे चढते, मग दुकानाचे भाडे आणि शेवटी जेवणाचे ताट. मुंबईच्या गिरणगावात हेच घडले.

लालबाग-परळमध्ये गिरण्या चालू होत्या तेव्हा एकट्या कामगाराचे पोट खानावळीवर भरत असे. बायका राहत्या खोलीतच स्वयंपाक करीत. जागेचे वेगळे भाडे नाही, म्हणून ताट स्वस्त. त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. तेथे मॉल व टॉवर आले, आणि खानावळीचे गिऱ्हाईक गेले.

परंतु टॉवरच्या पहारेकऱ्याला, सफाईवाल्यालाही भूक लागते. मॉलमधले ताट त्याला परवडत नाही. त्याचे पोट हातगाडीवर भरते. म्हणून गाडी उठवली की गरिबाचे स्वयंपाकघरच उठते.

याकरिता २०१४ चा पथविक्रेता कायदा प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यावा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. पुढेही हटवायचे तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी दिली पाहिजे. मागणी करून ठरलेली फी भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत मिळाला पाहिजे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत.

ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ पासून अन्नासाठी स्वतंत्र खाते ठेवले आणि स्वस्त सार्वजनिक भोजनालये चालवली. आपल्या महापालिकांनाही हे अशक्य नाही.

व्यापारी म्हणेल, यात आमचा काय संबंध? भिवंडीत मागावरचा मजूर बिशीत जेवतो. तेथला दर वाढला की तो मजुरी वाढवून मागतो, नाहीतर गाव गाठतो. दोन्हींचा बोजा शेवटी आपल्याच कापडावर पडतो. तेव्हा वॉर्डात विकासाचा आराखडा हरकतींसाठी आला तर आपल्या दुकानाबरोबर खानावळीची आणि हातगाडीची जागाही मागून घ्या.