पाण्याखालचा श्वास

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कृष्णेच्या पाण्यांत बुडी मारणाऱ्या मुलास श्वास किती वेळ कोंडून धरतां येतो? फार तर मिनिटभर. मालवणास मात्र पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून लोक बराच वेळ समुद्रतळ पाहतात. ह्या विद्येचें शिक्षण जवळच तारकर्लीस मिळतें. तिचें श्वासयंत्र फ्रान्समध्यें १९४३ सालीं कूस्तो व गान्यां यांनीं सिद्ध केलें.

फार खोल जाणारे पाणबुडे जोडसिलिंडर वापरतात. प्रत्येकाच्या तोंडाशीं एक झडप व तीस जोडलेलें एक श्वासयंत्र असतें. दोहोंस जोडणाऱ्या आडव्या नळीवर तिसरी झडप असते. बारा-बारा लिटरांच्या दोन सिलिंडरांत २०० बार दाबानें सुमारें ४,८०० लिटर हवा मावते. जमिनीवर मिनिटास २० लिटर हवा लागत असेल, तर ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्यामुळें ८० लिटर लागते. म्हणजे तेथें हा सांठा एक तासच पुरेल; आणि रबरी कडें फुटून गळती लागली, तर त्याहून पुष्कळच लौकर संपेल.

अशा वेळीं करावें काय? डोक्यामागें बुडबुड्यांचा आवाज होतांच सोबत्यास खूण करावी. मग मधली झडप बंद करावी, असें पुष्कळ शिक्षक सांगतात. त्यामुळें निदान निम्मी हवा सुरक्षित राहते. नंतर गळती कोणत्या बाजूस आहे हें ओळखून चांगल्या बाजूचें श्वासयंत्र तोंडांत घ्यावें व बिघडलेल्या बाजूची झडप मिटावी. गळती थांबली, तर मधली झडप पुन्हां उघडतां येते आणि दोन्ही सिलिंडरांतील उरलेली हवा उपयोगी पडते. न थांबली, तर ती बंदच ठेवावी. कसेंही असो, बुडी तेथेंच संपली. सोबत्यासह वर निघावें.

पण घाईनें नव्हे. ३० मीटरांवर घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास ती हवा चौपट फुगूं पाहते व फुफ्फुसें फाटतात. म्हणून श्वासोच्छ्वास चालूं ठेवून मिनिटास सुमारें ९ मीटर ह्या गतीनें वर यावें.

हें सर्व पाठीमागें हात नेऊन, न पाहतां करावयाचें असतें. म्हणून पाणबुडे तें उथळ पाण्यांत पुनःपुन्हां गिरवितात. कारण भीतीच्या क्षणीं बुद्धि गोंधळते, पण हाताची संवय गोंधळत नाहीं. पालकहो, समुद्र आपणांपासून दूर असला तरी नदी दाराशीं आहे. तेथेंही नियम तोच: आधीं शिकावें, सोबती असावा, आणि एकट्यानें डोहांत कधींही उतरूं नये.