ओलावामापक व पंप यांची मध्यवर्ती यंत्रणेत आपोआप नोंद

विहिरीवरचा पंप, ठिबकचा व्हॉल्व्ह आणि जमिनीतील ओलावा मोजणारा सेन्सर ही उपकरणे घरातील दिव्यापंख्यांबरोबर एकाच पडद्यावर आणणे आता लहान शेतकऱ्याच्याही आटोक्यात आले आहे. शेतातच वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबास ही सोय विशेष उपयोगी पडते. परंतु प्रत्येक उपकरणाचे नाव, पत्ता व मोजण्याचे एकक मध्यवर्ती यंत्रणेत हाताने भरावे लागले, तर चार उपकरणांनंतर कोणाचाही उत्साह मावळतो. यावर उपाय असा की, उपकरणाने स्वतःच आपली ओळख द्यावी व यंत्रणेने ती नोंदवून घ्यावी. ही पद्धत नीट समजून बसविल्यास पुष्कळ श्रम वाचतात. अर्धवट समजून बसविल्यास पंप भलत्या वेळी सुरू होण्यापर्यंत मजल जाते.

ही उपकरणे एमक्यूटीटी नावाच्या संदेशपद्धतीने बोलतात. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व अर्लेन निपर या दोघा अभियंत्यांनी ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार केली. उपग्रहाचा संपर्क महाग असल्याने संदेश अगदी आटोपशीर ठेवण्यात आले. घरातल्या घरात ती चालविण्यास इंटरनेटही लागत नाही. राउटर व एक लहान संगणक पुरेसा होतो.

या पद्धतीत सर्व संदेश ब्रोकरमार्फत जातात. ब्रोकर म्हणजे दलालच. मात्र हा दलाल अडत घेत नाही. आलेला संदेश ज्याने मागितला असेल त्यास तो देतो व एरवी विसरून जातो. संदेशावर ‘रिटेन’ म्हणजे ‘राखून ठेवा’ अशी खूण असेल, तरच त्या पत्त्यावरील शेवटचा संदेश तो जपतो, आणि पुढे जो कोणी त्या पत्त्याची चौकशी करील त्याच्या हाती तत्काळ देतो. ही खूण कोठे करावी व कोठे करू नये, एवढे कळले म्हणजे बहुतेक अडचणी टळतात.

ब्रोकर म्हणून मॉस्किटो व मध्यवर्ती यंत्रणा म्हणून होम असिस्टंट हे दोन्ही कार्यक्रम विनामूल्य मिळतात. मॉस्किटोच्या २.० आवृत्तीपासून एक बदल झालेला आहे. वेगळी तरतूद केल्याखेरीज तो दुसऱ्या उपकरणास दारात उभे करीत नाही. त्याच्या मांडणीच्या फायलीत १८८३ हे द्वार उघडावे व नाव-परवलीचा शब्द आवश्यक करावा. परवलीचा शब्द टाळून सर्वांस मुक्त प्रवेश देण्याचा सल्ला काही जण देतात. ज्या ब्रोकरच्या हाती पंप आहे तेथे तो मुळीच मानू नये. होम असिस्टंटमध्ये एमक्यूटीटी जोडून तोच शब्द दिला की आपोआप नोंदीची सोय चालू होते. तीसाठी निराळे काही करावे लागत नाही.

आता उपकरणाने ओळखपत्र पाठवावयाचे. त्याचा पत्ता ठरलेला असतो: प्रथम ‘होमअसिस्टंट’, मग उपकरणाचा प्रकार, मग त्याची खूण व शेवटी ‘कॉन्फिग’. तिसऱ्या वाफ्यातील ओलावामापकाचा पत्ता ‘होमअसिस्टंट/सेन्सर/वाफा३/कॉन्फिग’ असा होईल. प्रत्यक्षात हे शब्द व अंक इंग्रजी लिपीत, तिरप्या रेघांनी विभागून लिहावयाचे असतात. पडद्यावर दिसणारे नाव मात्र खुशाल मराठीत, ‘तिसऱ्या वाफ्याचा ओलावा’ असे द्यावे. ओळखपत्रात नावाखेरीज एकक, वाचन कोणत्या पत्त्यावर येईल तो पत्ता आणि ‘युनिक आयडी’ ही माहिती असते. ही आयडी दोन उपकरणांस सारखी दिल्यास दुसऱ्याची नोंद होत नाही. एकाच्या सेटिंगची नक्कल करून दुसरे बसविताना ही चूक हमखास घडते. ईएसपीहोम किंवा झिगबी२एमक्यूटीटी वापरणाऱ्यांस ओळखपत्र हाताने लिहावे लागत नाही; या प्रणाल्या ते स्वतः पाठवितात.

ओळखपत्रावर ‘रिटेन’ची खूण अवश्य करावी. ती नसेल तर वीज जाऊन होम असिस्टंट पुन्हा सुरू झाल्यावर त्याला उपकरणाची ओळख राहत नाही, आणि काल चालणारे आज गेले कुठे, अशी तक्रार येते.

वाचनाची गोष्ट उलट आहे. ओलाव्याचे वाचन राखून ठेवले व सेन्सरची बॅटरी संपली, तर पुन्हा सुरू झालेल्या यंत्रणेस चार दिवसांपूर्वीचा आकडा ताजा म्हणून मिळतो. पडद्यावर ओलावा भरपूर आणि वाफ्यात रोपे कोमेजलेली, असा प्रकार होतो. म्हणून वाचनावर खूण करू नये आणि ओळखपत्रात ‘एक्स्पायर आफ्टर’ ही मुदत सेकंदांत लिहावी. दर दहा मिनिटांनी वाचन येत असल्यास १८०० ठीक. त्या मुदतीत नवे वाचन न आल्यास आकडा जाऊन ‘अनुपलब्ध’ असे दिसते. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरी जागा केव्हाही बरी.

पंप चालू करण्याच्या आज्ञेवर तर ही खूण कदापि करू नये. ‘चालू’ ही आज्ञा ब्रोकरने राखून ठेवली असेल, तर भारनियमनानंतर वीज येताच पंपावरील नियंत्रक ब्रोकरशी जोडला जातो, ती जुनी आज्ञा त्यास मिळते व पंप सुरू होतो. त्या वेळी कोणी फूटव्हॉल्व्ह काढण्यास विहिरीत उतरलेला असेल, तर काय होईल ते सांगावयास नको. सेटिंग कितीही बिनचूक असले तरी विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच काढून फ्यूज खिशात ठेवावेत. तीन फेजची मोटर लहान रिलेवर थेट जोडू नये. रिले स्टार्टरच्या कॉइलपुरताच ठेवावा व हे काम वीजतंत्र्याकडून करून घ्यावे.

उपकरण काढून टाकल्यावरही त्याचे ओळखपत्र ब्रोकरकडे राहते व पडद्यावर भुतासारखे पुन्हा पुन्हा उगवते. त्याच पत्त्यावर रिटेनच्या खुणेसह कोरा संदेश पाठविला की ते पुसले जाते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी जोडणी झाल्यावर शेतकऱ्यासमक्ष तीन चाचण्या घ्याव्यात. होम असिस्टंट बंद करून पुन्हा सुरू करावे. सर्व उपकरणे जागेवर दिसली पाहिजेत. नंतर सेन्सरची बॅटरी काढून मुदत संपेपर्यंत थांबावे. आकडा गेला पाहिजे. शेवटी मोटरचा मेन स्विच काढून ठेवावा, नियंत्रकाची वीज तोडावी, पडद्यावरून पंप ‘चालू’ करावा आणि नियंत्रकास पुन्हा वीज द्यावी. रिले ओढला गेल्याचा ‘टक’ असा आवाज आला, तर आज्ञा कोठेतरी राखली जात आहे किंवा नियंत्रक आपली जुनी स्थिती आठवून वागत आहे असे समजावे, आणि तो दोष सापडेपर्यंत पंप त्या यंत्रणेवर जोडू नये.