नावाला पडलेला कंस

विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला पाहिजे, एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ तो घेता कामा नये, आणि एकदा तरी प्रत्यक्ष खटले चालविणाऱ्या वकिलाच्या हाताखाली राहिले पाहिजे, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांचा दंडक आहे. माझ्या बहुतेक सहाध्यायांनी त्यासाठी मुंबईच्या फोर्टमधील नामांकित फर्म निवडल्या. मी शहापूरच्या एका ज्येष्ठ वकिलांचे ऑफिस पत्करले, आणि तोवर ज्या कायद्याची केवळ कलमे पाठ केली होती, तो माणसांच्या हातांतील जीर्ण कागदांतून कसा वावरतो, हे तेथे पाहावयास मिळाले.

सकाळचा क्रम ठरलेला असे. कारकून तारखांची डायरी उघडून त्या दिवसाचे मामले काढून ठेवी. मी प्रत्येकाचा रोजनामा वाचून मागील तारखेस काय झाले व आज काय व्हावयाचे याचे टिपण करी. आणि अकराच्या सुमारास आम्ही न्यायालयात जाऊन पुकाऱ्याची वाट पाहत बसत असू. कैफियत, मनाई अर्ज, पुरसीस, मुदतीचा अर्ज, नकलेचा अर्ज यांचे नमुने मी याच काळात हाताने उतरून काढले. न्यायालयातील कामकाजाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगावयाचे आहे ते ऑफिसातील दुपारविषयी.

शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांतून येणारे पक्षकार बहुधा एखाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सारी मालमत्ता घेऊन येत: उतारे, पावत्या, कधी एखादी जुनी नोटीस. समृद्धी महामार्गाचे भूसंपादन शहापूर तालुक्यातून झाले, इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, आणि जमिनीच्या भावाबरोबर कित्येक दशके निद्रिस्त असलेले हक्कांचे वादही जागे झाले. अशा वेळी वकीलसाहेब प्रथम माणसाला बसवून, पाणी देऊन, त्याचे सर्व ऐकून घेत आणि नंतरच सातबाऱ्याकडे वळत. हा अनुक्रम मला आजही अत्यंत मोलाचा वाटतो, कारण कागद आधी वाचला की माणसाचे बोलणे आपण त्या कागदाच्या मापाने कापू लागतो.

हस्तलिखित सातबारा वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. वरचा गाव नमुना 7 हक्कांचा आणि खालचा 12 पिकांचा. भोगवटादाराच्या नावाला कंस पडला, की त्याचा हक्क त्या कागदापुरता संपुष्टात आला, शेजारच्या वर्तुळातील आकडा हा तो कंस ज्या फेरफाराने पडला त्याचा क्रमांक, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. वर्तुळातील आकड्यावरून फेरफार मागवावा, त्यातील मजकुरावरून दस्त शोधावा, दस्तावरून मूळ व्यवहारापर्यंत पोहोचावे, असा तो मागे मागे जाणारा मार्ग आहे. नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानावी, असे जमीन महसूल संहितेचे 157 वे कलम सांगते. म्हणून ती खोटी ठरविण्याचा सारा भार पिशवी घेऊन आलेल्या त्या माणसावर पडतो.

एका दुपारी सत्तरीच्या घरातील एक ठाकूर आजी आल्या. (त्यांची ओळख पटेल असा तपशील मी येथे मुद्दाम गाळीत आहे.) सासऱ्याच्या नावाला कंस पडून जमीन बिगर-आदिवासी इसमाच्या नावे गेली होती, आणि फेरफार 1975 चा होता. आजींचे म्हणणे निराळे होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाय, सासू सांगायची, भूकंप झाला ना, त्या सालात सासऱ्यानं अंगठा दिला.”

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्याविषयी महाराष्ट्राने 1974 चा स्वतंत्र अधिनियम केला, आणि 6 जुलै 1974 नंतरच्या हस्तांतरणास संहितेचे कलम 36 अ लागू पडते. फेरफाराची तारीख धरावी तर एक कायदा, सासूबाईंची आठवण धरावी तर दुसरा. फेरफार हा व्यवहाराच्या मागाहून नोंदला जातो, कधी वर्षानुवर्षे मागाहून, हे ध्यानात घेऊन वकीलसाहेबांनी मला गाव नमुना 12 ची जुनी पाने काढावयास सांगितले. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नकला मिळाल्या तेव्हा 1969-70 च्या पीकपाहणीत ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ या रकान्यात समोरच्या इसमाचे नाव स्पष्ट होते. निरक्षर कुटुंबाने भूकंपाशी बांधून जपलेली तारीख सरकारी दप्तराने अशी उचलून धरली. तो कागद हाती धरताना मला जो आदर वाटला, तो त्या सासूबाईंविषयीचा होता.

त्याच काळात मुरबाडचेही एक काम होते. सरळगावकडील एका शेतकऱ्याची बांधावरची वाट शेजाऱ्याने कुंपण घालून अडविली होती. अशा अडथळ्याविरुद्ध 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारापुढे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, हे ठाऊक नसल्याने अनेक दावे दाखल होण्यापूर्वीच बाद ठरतात. स्थळपाहणीच्या वेळी खरी अडचण ध्यानात आली: पूर्वापार वाट बैलगाडीची होती, आता ट्रॅक्टर न्यावयाचा होता, आणि तेवढ्या जादा रुंदीपायी दोन शेजारघरांचे बोलणे बंद पडले होते. पंचनाम्यात रुंदी लिहिताना वकीलसाहेबांनी वहिवाटीपलीकडे एक शब्दही वाढवून लिहू दिला नाही.

आजींचा अर्ज मी मराठीत लिहिला. त्यात जमीन स्वतः कसण्याची हमी आली, आणि आकाराच्या 48 पट अथवा मूळ मोबदला यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, समोरच्याने केलेल्या सुधारणांच्या किमतीसह, हप्त्यांनी भरण्याची तयारीही आली. रक्कम ऐकून आजींनी ती दोनदा पुन्हा विचारली, मग अंगठा दिला. सुनावणीची तारीख आषाढात पडत होती. भाताच्या लावणीचे दिवस असल्याने अर्जदारास त्या महिन्यात हजर राहणे अशक्य आहे, असा मुदतीचा अर्ज वकीलसाहेबांनी माझ्याकडून लगेच लिहून घेतला, आणि तहसीलदारांनी श्रावणातील तारीख दिली.