खाऊगल्ली, हॉकर सेंटर आणि आपला नियम

व्यापारी घराला प्रवास चुकत नाही. मागची पिढी मुंबई, इंदूर, अहमदाबादच्या बाजारपेठांत जात असे. आजची पिढी खरेदीच्या, प्रदर्शनाच्या किंवा सहलीच्या निमित्ताने सिंगापूर, बँकॉक, तैपेईपर्यंत पोहोचते. वाहने बदलली, अंतरे बदलली. परंतु निघण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात उडणारी लगबग मात्र तीच आहे. खाकरे, दशम्या, चिवडा, लसूण न घातलेली सोलापुरी शेंगाचटणी असे डबे भरले जातात आणि घरातील वडीलधारे एकच प्रश्न विचारतात, “तिथे खाण्याचे काय?”

या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे, सोबतची मंडळी जेवायला बाहेर पडली की आपण खोलीत बसून डबा उघडायचा. दुसरे म्हणजे, ‘प्रवासापुरते चालते’ असे म्हणून नियम बाजूला ठेवायचा. पहिल्यात संगत तुटते. दुसऱ्यात नियम तुटतो आणि एकदा सैल झालेला नियम घरी परतल्यावर पूर्वीइतका घट्ट राहत नाही, हा अनुभव अनेक कुटुंबांचा आहे. तिसरा मार्ग अधिक श्रमाचा, पण सुरक्षित आहे. समोरचे अन्न कसे शिजते हे जाणून घेणे आणि योग्य प्रश्न विचारून मगच खाणे, हा तो मार्ग होय.

अनेक चुली, एक मेज

सिंगापुरात खाद्यपदार्थ विकणाऱ्या फेरीवाल्याला ‘हॉकर’ म्हणतात. एकेकाळी हे विक्रेते रस्त्याच्या कडेलाच शिजवीत आणि तेथेच भांडी विसळीत. १९६८-६९ मध्ये शासनाने त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने छपराखालील केंद्रांत जागा दिल्या. तेथे नळाचे पाणी आले, सांडपाण्याची सोय झाली, स्वच्छतेची तपासणी सुरू झाली. आज तेथे अशी शंभराहून अधिक हॉकर सेंटरे आहेत. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने या संस्कृतीची मानवी समाजाचा अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

या केंद्राची रचना साधी आहे. कडेने लहान लहान गाळे असतात, प्रत्येकाची चूल स्वतंत्र आणि मधली मेजे सर्वांची सामायिक. चिनी, मलय, तमिळ अशी सगळी मंडळी आपापल्या गाळ्यावरून ताट आणून एकाच मेजावर बसतात. मुस्लिम ग्राहकांसाठी हलाल गाळ्यांची भांडी वेगळी ठेवतात. अनेक केंद्रांत उष्टी तबके परत ठेवण्याच्या मांडण्याही स्वतंत्र असतात. ‘माझा अमुक नियम आहे’ असे सांगणारा ग्राहक तेथील विक्रेत्याला नवा नाही. आपल्या माणसाने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण बहुतेक वेळा नियम मोडतो तो संकोचामुळे.

मात्र निर्धास्त होऊनही चालणार नाही. लिटिल इंडिया भागातील टेक्का सेंटर भारतीय वस्तीत आहे. पण त्याच इमारतीत मांसमासळीचा बाजारही आहे. चिनी पद्धतीच्या परतलेल्या शेवयांत डुकराची चरबी असू शकते. मलय चटणीत ‘बेलाचान’, म्हणजे आंबवलेल्या लहान कोळंबीचे वाटण असते. भाजीवर दिसणारा काळसर रस कालव्यांपासून केलेला असू शकतो. ताटात मांसाचा तुकडा नाही, एवढ्यावरून विक्रेता त्या ताटाला ‘भाजी’ म्हणतो. त्यात लबाडी नसते, शब्दाचा अर्थच तेवढा असतो.

म्हणून ‘व्हेजिटेरियन आहे का?’ या एका प्रश्नावर थांबू नये. रस्सा कशाच्या पाण्यात केला, परतण्यासाठी काय वापरले, चटणीत मासा-कोळंबी आहे का, शेवयांत अंडे आहे का आणि कढई तीच आहे का, हे पाच प्रश्न विचारावेत. हॉकर सेंटरचा मोठा फायदा असा की, शिजवणारा माणूस समोरच उभा असतो. मोठ्या हॉटेलात वाढपी आत जाऊन विचारून येतो आणि येताना उत्तर बदलते. मात्र भर गर्दीच्या वेळी रांग अडवून चौकशी करू नये. दुपारी तीन-चारच्या सुमारास तोच विक्रेता शांतपणे सर्व सांगतो.

बौद्ध शाकाहार आणि आपला आहार

पूर्व आशियातील शाकाहाराचा मोठा आधार म्हणजे चिनी बौद्ध परंपरा. या परंपरेचे गाळे सिंगापुरात बहुतेक केंद्रांत आढळतात. मांसमासळीबरोबर कांदा, लसूण आणि त्या वर्गातील तीव्र वासाच्या वनस्पतीही तेथे वर्ज्य असतात. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेले दिसले की तेथेही मांस, अंडी, कांदा, लसूण नसतो. तेथील ‘मांगसविरत’ हा शब्द मात्र केवळ मांसत्यागापुरता आहे. तैवानने तर वेष्टनातील शाकाहारी पदार्थांवर पाच प्रकारांची नोंद सक्तीची केली आहे. अंडे आहे की दूध, आणि कांदा-लसूण वर्गातील काही आहे का, हे त्यावरून कळते. आपल्याकडील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याची ग्वाही देतो. कांद्याबटाट्याविषयी तो काहीच सांगत नाही.

तरीही बौद्ध ताट म्हणजे जैन ताट नव्हे. बटाटा, मुळा, गाजर, अळकुडी आणि अळंबी त्यांना चालतात. सिंगापुरात ‘कॅरट केक’ या नावाने मिळणाऱ्या पदार्थात गाजर नसते. तांदळाच्या पिठात मुळा घालून तो करतात आणि नेहमीच्या गाळ्यांवर त्यात अंडेही असते. उलट, आपल्या घरात कांद्याची उणीव भरून काढणारे हिंग बौद्ध परंपरेच्या जुन्या वर्ज्य यादीत आहे. दोन्ही परंपरा संयमाच्याच. पण त्यांच्या मर्यादांच्या रेषा वेगळ्या ठिकाणी आखलेल्या आहेत.

या गाळ्यांवर आणखी एक पेच उभा राहतो. सोया आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेले बदक, मासा, कोंबडी हुबेहूब आकारात मांडलेली असते. घटक पाहिले तर निर्दोष. मग खाण्यास हरकत कोणती? या प्रश्नावर आपल्या परंपरेने हजार वर्षांपूर्वीच विचार केलेला आहे. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ चंपूत राजा यशोधराची कथा येते. मातेच्या आग्रहाखातर तो जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो आणि तेवढ्या संकल्पामुळे मायलेकांना अनेक पशुजन्म भोगावे लागतात. या ग्रंथावरील कृष्णकांत हंदिकी यांचा विख्यात अभ्यास १९४९ मध्ये आपल्या सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केला, ही सोलापूरकरांस अभिमानाची गोष्ट आहे. हिंसा हातात असते तशी भावातही असते, हे त्या कथेचे सार ज्याला पटते, त्याने सोयाच्या बदकाकडे न वळता साध्या टोफूची आणि पालेभाजीची ताटली मागावी.

खरी अडचण घड्याळाची

आता आपल्या देशाकडे वळू. अहमदाबादचा माणेक चौक दिवसा सराफी व्यवहारांचा आणि रात्री खवय्यांचा असतो. इंदूरच्या सराफ्यातही पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. दोन्ही बाजार व्यापाऱ्यांचे, दोन्हीकडे शाकाहाराचेच प्राबल्य. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालण्यासारख्या युक्त्या आता सर्वत्र रूढ आहेत. इंदूरचा हिवाळी गराडू कंद आहे, तो टाळला की भुट्ट्याच्या किसापासून जिलबीपर्यंत पुष्कळ काही उरते.

पण हे सारे सुरू होते सूर्यास्तानंतर. कंदमुळाला पर्याय सापडतो, रात्रिभोजनत्यागाला सापडत नाही. सिंगापुरात सूर्य वर्षभर सायंकाळी सातच्या आसपास मावळतो आणि तेथील अनेक हॉकर गाळे सकाळच्या न्याहारीपासून चालू असतात. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्याला परदेशातील त्या परक्या मेजावर वेळेत जेवता येते आणि आपल्या देशातील शाकाहारी खाऊगल्लीत मात्र उपाशी परतावे लागते. ‘जैन’ अशी पाटी लावून रात्री दहा वाजता वाढलेली पावभाजी कितपत जैन, याचा विचार ग्राहकानेच करावयाचा आहे.

सोलापूरची स्थिती वेगळी नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात येथे पावणेसहा ते सहाच्या दरम्यान सूर्यास्त होतो. पार्क चौपाटीला रंग चढतो त्यानंतर. परिणामी घरे दोन भागांत विभागली जातात. तरुण मुले-मुली मित्रांबरोबर चौपाटीवर आणि आजी-आजोबा घरी. बाहेर खाणे म्हणजे नियम मोडणे, असे समीकरण नव्या पिढीच्या मनात नकळत पक्के होते. नियम जड म्हणून टाकला जातो असे नव्हे. तो पाळून चारचौघांत बसण्याची जागा सापडत नाही म्हणून तो गळून पडतो.

यावर उपाय व्यापाऱ्याला सुचण्यासारखा आहे. मागणी दिसली की विक्रेता वेळ बदलतो. पाच-दहा कुटुंबांनी ठरवून आठवड्यातील एका दिवशी दुपारी साडेचार-पाचला एकाच गाडीवर जाण्याचा परिपाठ ठेवला, तर तो गाडीवाला तवा लवकर तापवील. कांदाबटाट्याचा स्पर्श नसलेला वेगळा तवा आणि उलथनेही ठेवील. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला तारणाविना कर्ज मिळते. सुधारित योजनेत पहिला हप्ता १५,००० रुपयांचा आहे आणि वेळेवर फेडल्यास पुढे २५,००० व ५०,००० रुपयांपर्यंत वाढ मिळते. आपल्या ओळखीच्या गाडीवाल्याला अर्ज भरण्यास मदत करणे पेठेतील कोणत्याही दुकानदाराला सहज शक्य आहे.

प्रवासाला निघणाऱ्याने पाच प्रश्नांची चिठ्ठी आणि शेंगाचटणीचा डबा, दोन्ही सोबत ठेवावे. घरी असणाऱ्याने पुढच्या रविवारी, दिवस मावळण्यापूर्वी, नातवंडांबरोबर आजीलाही चौपाटीवर न्यावे. गाडीवाल्याला तवा कोणता, भाजीत काय घातले आणि पाणी गाळलेले आहे का, हे तिनेच विचारावे. ते प्रश्न कसे विचारायचे, हे नातवंडे तेथेच शिकतील.